महाविद्यालयीन सभागृहातील ध्वनियंत्रणा : विद्युत्पुरवठा, भूसंपर्कन आणि निगा

बीजसंज्ञा : ध्वनियंत्रणा, भूसंपर्कन, न्यूट्रल, आर.सी.सी.बी., संतुलित जोडणी, उपकरण-रॅक

प्रस्तावना

स्नेहसंमेलन, युवा महोत्सवाची तयारी, वक्तृत्व स्पर्धा, चर्चासत्रे आणि पदवीदान समारंभ यांमुळे महाविद्यालयाचे सभागृह वर्षभर गजबजलेले असते. या सर्व उपक्रमांचा आधार म्हणजे तेथील ध्वनियंत्रणा होय. ती खरेदी करताना दरपत्रके मागविली जातात, खरेदी समितीपुढे तुलनात्मक तक्ता मांडला जातो, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये क्रमांक पडतो आणि त्यानंतर तिच्याविषयी लेखी असे काहीच उरत नाही. यंत्रणा चालवतो तो एखादा हौशी विद्यार्थी, किंवा ज्याच्याकडे सभागृहाची किल्ली असते तो सेवक. तिला वीज कोठून मिळते, ती किती लागते आणि दोष उद्भवल्यास ती कोणत्या वाटेने जमिनीत जाते, हे जाणणारी व्यक्ती संस्थेत असतेच असे नाही.

प्रस्तुत लेखक पदार्थविज्ञानाचा अध्यापक आहे. या विषयाकडे तो वळला तो एका अपघातामुळे. काही वर्षांपूर्वी कोकणातील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी गिटार गळ्यात अडकवून गाण्यासाठी उभी राहिली. डावा हात तारांवर होता. तिचे ओठ मायक्रोफोनच्या जाळीला टेकले आणि त्याच क्षणी ती मागे फेकली गेली. ओठ भाजण्यापलीकडे तिला इजा झाली नाही, हे सर्वांचेच सुदैव. मायक्रोफोनला शॉक होता, असा निष्कर्ष उपस्थितांनी तत्काळ काढला व तो मायक्रोफोन बाद करण्यात आला. वास्तविक तो संपूर्ण निर्दोष होता. दोष गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये होता. आणि मायक्रोफोनचे भूसंपर्कन उत्तम असल्यामुळेच विजेला विद्यार्थिनीच्या शरीरातून वाट मिळाली. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. त्याचे स्पष्टीकरण हाच या लेखाचा प्रारंभबिंदू आहे.

अपघाताची यंत्ररचना

विद्युत उपकरणाच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा येतात. उपकरण चालण्यासाठी पहिल्या दोन पुरेशा असतात. तिसरी, म्हणजे भूसंपर्कनाची तार, एरवी काहीच करीत नाही. तिचे काम सुरू होते ते दोष उद्भवल्यावर. आतील रोधक आवरण फाटून फेजची तार धातूच्या पेटीला टेकली, तर या जाड तारेतून प्रचंड प्रवाह जमिनीत वाहतो, फ्यूज वितळतो किंवा एम.सी.बी. खाली पडते आणि पेटी निर्जीव होते. ही तार तोडली असेल तर पेटी २३० व्होल्टवर तशीच राहते आणि बाहेरून तसूभरही फरक दिसत नाही. ॲम्प्लिफायर वाजतच राहतो.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलच्या बाह्य जाळीमार्फत ॲम्प्लिफायरच्या पेटीला जोडलेल्या असतात. म्हणून पेटीवर जे व्होल्टेज, तेच तारांवर. दुसरीकडे मायक्रोफोनची धातूची जाळी केबलमार्फत मिक्सरला आणि मिक्सरमार्फत सभागृहाच्या अर्थला जोडलेली असते. या दोहोंच्या मध्ये गायक उभा राहतो. एक हात तारांवर, ओठ जाळीवर. ओलसर त्वचा असता मानवी शरीराचा रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर प्रवाह होतो सुमारे ०.२ ॲम्पिअर. हा प्रवाह छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडविण्यास पुरेसा आहे. १६ ॲम्पिअरच्या एम.सी.बी.च्या दृष्टीने मात्र तो नगण्यच! वायरिंग जळू नये यासाठी एम.सी.बी. असते, माणसाचे रक्षण हा तिचा हेतूच नव्हे.

या प्रकारच्या अपघाताचे एक नोंदलेले उदाहरण संगीतक्षेत्रात सर्वज्ञात आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे याचा रंगमंचावरच, गिटार हाती असताना मायक्रोफोनला स्पर्श होऊन विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. सदोष भूसंपर्कन हेच तेथेही कारण होते.

अशा प्रसंगी जे उपकरण माणसाला वाचवू शकते ते म्हणजे आर.सी.सी.बी.; जुन्या पिढीतील वायरमन त्याला आजही ई.एल.सी.बी. म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, एवढेच ते पाहते. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडताच सेकंदाच्या तीन-दशांशाच्या आत ते पुरवठा तोडते. फरक मोठा असल्यास त्याहूनही कितीतरी लवकर. आमच्या सभागृहाच्या रंगमंचावरील सॉकेटांना ते नव्हते. जुन्या इमारतींत ते बहुधा नसतेच. बसविल्यानंतर त्यावरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे लागते, हेही आवर्जून सांगावयास हवे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्या व्यक्तीला ते वाचवू शकत नाही, कारण त्या स्थितीत गेलेला व आलेला प्रवाह समानच असतो. म्हणजेच आर.सी.सी.बी. हा अर्थिंगचा पर्याय नाही. तो त्याचा साहाय्यक आहे.

अर्थची पिन का तोडली जाते ?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या ॲम्प्लिफायरची अर्थ पिन मोडलेली नव्हती. ती पकडीने कापलेली होती. ज्याने ती कापली त्याचा हेतू वाईट नव्हता. लाऊडस्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा अखंड आवाज येत होता आणि पिन कापताच तो थांबला. व्यवहारात याला हमिंग म्हणतात. अनेक मंडप-व्यावसायिकांकडील व महाविद्यालयांतील यंत्रणांत हा ‘उपाय’ सर्रास आढळतो. तो ध्वनीच्या दृष्टीने गुण देतो, हीच त्यातील सर्वांत घातक बाब.

हमिंगचे कारण असे. मिक्सर सभागृहाच्या मागील बाजूस असतो व त्याला एका सॉकेटातून वीज मिळते. ॲम्प्लिफायर रंगमंचाशेजारी दुसऱ्या सॉकेटावर असतो. दोन्ही उपकरणे आपापल्या अर्थ तारेने जमिनीला जोडलेली असतात. शिवाय ध्वनिसंकेताच्या केबलची बाह्य जाळी त्यांना परस्परांशीही जोडते. अशा रीतीने एक मोठे बंद वळे तयार होते. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक असला, तरी या वळ्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो व त्याचे १००, १५० हर्ट्झचे उपस्वर संकेतात मिसळतात. अर्थ पिन कापली की वळे तुटते आणि हमिंग बंद होते. परंतु वळे दोन ठिकाणी तोडता येते : विजेच्या बाजूने किंवा संकेताच्या बाजूने. पहिली वाट प्राणघातक आहे. दुसरी पूर्णतः सुरक्षित आहे.

संकेताच्या बाजूचे उपाय तीन आहेत. सर्वांत सोपा व बिनखर्ची उपाय म्हणजे मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि रंगमंचावरील वाद्ये या सर्वांना एकाच वितरण-पेटीतून वीज देणे, म्हणजे अर्थमधील फरकच उरत नाही. मागे बसलेल्या मिक्सरसाठी रंगमंचावरून स्वतंत्र वायर ओढावी लागते, एवढाच त्रास. दुसरा उपाय संतुलित जोडणीचा. तीन पिनांच्या एक्स.एल.आर. जोडणीत पिन १ ला जाळी असते, तर २ आणि ३ वर एकच संकेत परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो. स्वीकारणारे उपकरण या दोहोंतील फरक घेते. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच असल्याने वजा होऊन नाहीशी होते. येथे एक मुद्दा नमूद करणे अगत्याचे आहे. पिन १ उपकरणाच्या आत थेट पेटीला न जोडता सर्किटच्या पट्टीला जोडली, तर जाळीतील प्रवाह सर्किटमध्ये शिरतो आणि संतुलित जोडणी असूनही हमिंग येते. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात हा दोष सविस्तर मांडला आणि २००५ साली त्याच संस्थेने ‘ए.ई.एस. ४८’ या मानकाद्वारे योग्य जोडणी कोणती ते निश्चित केले. म्हणून महागड्या केबली आणूनही हमिंग न गेल्यास केबलला दोष देण्यापूर्वी उपकरणाकडे पाहावे. तिसरा उपाय म्हणजे डी.आय. बॉक्स. गिटार, की-बोर्ड किंवा लॅपटॉप यांचा संकेत त्यातील छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून गेला की संकेत पोहोचतो, पण धातूचा संपर्क उरत नाही. त्यावरील ‘लिफ्ट’ नामक खटका जाळीचा संपर्क तोडतो. विजेच्या अर्थला तो स्पर्शही करीत नाही. एका डी.आय. बॉक्सची किंमत एका सत्कारातील शाली-श्रीफळांच्या खर्चाच्या आसपास येते.

लॅपटॉपविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण चर्चासत्रांत तक्रारी येतात त्या याच्याविषयी. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या धातूच्या पृष्ठभागावर बोट फिरविल्यास झिणझिण्या जाणवतात. मल्टीमीटरने मोजल्यास शंभर व्होल्टच्या वर आकडा दिसून अध्यापक धास्तावतात. हा प्रवाह अडॅप्टरमधील विद्युत्-गोंगाट रोखणाऱ्या छोट्या संधारित्रातून येतो व तो एक मिलिॲम्पिअरहूनही कमी असतो. मीटरचा अंतर्गत रोध प्रचंड असल्याने तो हे व्होल्टेज पूर्ण दाखवितो. खरा दोष आणि अशी निरुपद्रवी गळती यांतील फरक वायरमनचा दिवा दाखवितो : गळतीवर दिवा पेटत नाही, दोषावर भकभकीत पेटतो. मात्र ही परीक्षा जाणत्या माणसानेच करावी. मायक्रोफोनला दिल्या जाणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्यावरही शॉकचे खापर अनेकदा फोडले जाते. तो ६.८ किलोओहमच्या दोन रोधकांतून येत असल्याने दोन्ही तारा थेट जमिनीला टेकल्या तरी एकूण प्रवाह सुमारे १४ मिलिॲम्पिअरच्या पलीकडे जात नाही. ओठ भाजणारी वीज ती नव्हे.

वीज किती, कोणत्या वायरने आणि कोठून

ॲम्प्लिफायरवर ‘२ × १००० वॅट’ असे लिहिलेले पाहून विद्युत विभागाचे कर्मचारी दचकतात व आयोजक फुशारतात. दोघेही चुकतात. संगीत व भाषण यांत शिखरे क्षणिक असतात. सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या एक-अष्टमांश धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने वरील ॲम्प्लिफायर स्पीकरला सरासरी २५० वॅट देतो. जुन्या ए-बी वर्गाच्या रचनेत त्यासाठी सुमारे ९०० वॅट वीज लागते, म्हणजे ४ ॲम्पिअर; उरलेले ६५० वॅट उष्णतेच्या रूपाने पेटीत राहतात. नवीन डी वर्गाच्या रचनेत हा अपव्यय पुष्कळच कमी असतो. मात्र ट्रान्सफॉर्मर असलेला वजनदार ॲम्प्लिफायर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या अनेक पट प्रवाह ओढतो. चार ॲम्प्लिफायर एकाच मुख्य खटक्याने सुरू केल्यास एम.सी.बी. पडते आणि ‘लोड जास्त झाला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ते काही सेकंदांच्या अंतराने एकामागून एक सुरू करावेत. क्रमही ठरलेला आहे : प्रथम वाद्ये व मिक्सर, नंतर प्रोसेसर, सर्वांत शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना याच्या नेमके उलट. हा क्रम मोडल्यास मिक्सर सुरू होतानाचा ‘धप्प’ असा आवाज पूर्ण शक्तीने स्पीकरवर आदळतो व उच्च स्वरांचे नाजूक युनिट निकामी होते.

वायरीच्या जाडीकडे होणारे दुर्लक्ष ही दुसरी बाब. मैदानावरील कार्यक्रमासाठी ५० मीटर लांबीची, २.५ चौरस मि.मी. तांब्याची वायर घेतली, तर जाण्या-येण्याची मिळून १०० मीटर लांबी होते व तिचा रोध ०.७ ओहम येतो. २० ॲम्पिअर प्रवाह वाहिल्यास वाटेतच १४ व्होल्ट खर्ची पडतात आणि २८० वॅट उष्णता वायरीत निर्माण होते. ढोलकीच्या प्रत्येक थापेसरशी दिवे मिणमिणतात ते यामुळेच. हीच वायर फिरकीवर गुंडाळलेल्या अवस्थेत ठेवली तर उष्णतेला बाहेर पडण्यास जागा नसते आणि आवरण वितळते. ६ चौरस मि.मी. वायर वापरल्यास नुकसान सहा व्होल्टच्या आत राहते. वायर शिल्लक उरली तरी ती फिरकीवरून पूर्ण उलगडून पसरावी, हा नियम आम्ही आता कसोशीने पाळतो.

सर्वांत महागडा दोष मात्र न्यूट्रल तुटण्याचा. सभागृहाला तीन फेज येतात. दिवे एका फेजवर व ध्वनियंत्रणा दुसऱ्या फेजवर ठेवण्याची पद्धत योग्यच आहे. समजा, एका फेजवर ५ किलोवॅटचे दिवे आणि दुसऱ्यावर १ किलोवॅटची ध्वनियंत्रणा आहे, आणि मुख्य पेटीतील न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन संपर्क तुटला. आता दोन्ही भार दोन फेजांमधील सुमारे ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडले गेले. रोधांच्या प्रमाणात व्होल्टेज विभागले जाते : दिव्यांवर सुमारे ६७, तर ध्वनियंत्रणेवर ३३३ व्होल्ट. दिवे मंद होतात आणि मिक्सरमधून धूर निघतो. एका सैल स्क्रूने लाखभर रुपयांचा मिक्सर जातो. त्यामुळे कार्यक्रमापूर्वी पुरवठा बंद करून न्यूट्रलचे सर्व स्क्रू आवळणे आणि मग तिन्ही फेजांचे न्यूट्रलशी व्होल्टेज मोजणे, ही दहा मिनिटांची कामे टाळू नयेत. ती परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत.

भाड्याने आणलेल्या जनरेटरविषयी एक सूक्ष्म धोका आहे. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा जमिनीशी जोडलेला नसतो. अशा वेळी गळतीच्या प्रवाहाला परत येण्यास मार्गच नसल्याने आर.सी.सी.बी. काम करीत नाही. बटण दाबून चाचणी केली तर ते पडते, म्हणून सर्व ठीक असल्याचा भास मात्र होतो. जनरेटरचा न्यूट्रल व चौकट जमिनीत ठोकलेल्या अर्थ-दांड्याला जोडून घेणे, आणि मगच रंगमंचाला वीज देणे आवश्यक ठरते. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काळात डिजिटल मिक्सर बंद पडतो व पुन्हा सज्ज होण्यास वेळ घेतो. तेवढ्यासाठी मिक्सर व वायरलेस मायक्रोफोनच्या रिसिव्हरला छोटा ऑनलाइन यू.पी.एस. द्यावा. ॲम्प्लिफायर यू.पी.एस.वर ठेवू नये.

रॅकची रचना

उपकरणे १९ इंची रॅकमध्ये बसविली जातात. त्यातील उंचीचे एकक ‘यू’ असून ते ४४.४५ मि.मी. असते. जड ॲम्प्लिफायर तळाशी, हलकी उपकरणे वर, हे सर्वांना ठाऊक असते; परंतु समोरच्या चार स्क्रूंवर वीस किलोचे ओझे टांगून रॅक टेम्पोतून नेल्यास पट्ट्या वाकतात, म्हणून मागील बाजूसही आधार द्यावा लागतो. पंख्याची हवा कोणत्या दिशेने वाहते हे प्रत्येक उपकरणावर पाहावे. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जात असेल तर दोन्ही अल्पायुषी ठरतात. इलेक्ट्रोलिटिक संधारित्रांचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीला साधारण निम्मे होते, हा अनुभवसिद्ध नियम आहे. काही ठिकाणी रॅक शोभेसाठी काचेच्या कपाटात कुलूपबंद केलेले आढळतात. चोरी टळते, यंत्रणा भाजून निघते. विजेच्या वायरी एका कडेने, संकेताच्या दुसऱ्या कडेने आणि जेथे ओलांडणे अटळ तेथे काटकोनात, एवढे पथ्य पाळल्यास निम्मी खरखर जन्मालाच येत नाही.

पावसाळा, धूळ आणि नोंदी

कोकणात जून ते सप्टेंबर हा यंत्रणेचा खरा परीक्षाकाल. दमट हवेत जोडण्यांच्या धातूवर थर चढतो, फेडर सरकविताना करकर येते. दर आठवड्यास तासभर यंत्रणा सुरू ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, कारण आतील उष्णतेने ओल हटते. बंद पेटीत सिलिका जेल ठेवावे व त्याचा रंग पालटल्यावर ते वाळवून घ्यावे. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेले उपकरण लगेच सुरू करू नये. चष्म्यावर धुके धरते तसे आतही पाणी धरते. जोडण्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा त्यासाठीच्या द्रवाने पुसाव्यात. शिवणयंत्राचे तेल वापरल्यास तात्पुरता आराम पडतो आणि पुढे त्यावर धूळ कायमची चिकटते. वायरलेस मायक्रोफोनमधील सेल सुट्टीपूर्वी काढून ठेवावेत, अन्यथा ते पाझरून स्प्रिंगा खातात. केबली कोपराभोवती पिळून गुंडाळण्याची सवय तर शिक्षकांनाही असते. त्यामुळे आतील तारांना पीळ बसून त्या तुटतात. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, अशी गुंडाळणी विद्यार्थी पाच मिनिटांत शिकतात. उद्घाटनाचा नारळ आणि गुलाल यांसाठी जागा रंगमंचावरील जोडण्यांपासून दूर ठेवावी, असे सांस्कृतिक समितीस सुचविल्यास प्रारंभी नाराजी होते, नंतर सवय होते.

अपघातानंतर आमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टरशेजारी एक वेगळी वही ठेवण्यात आली. प्रत्येक उपकरणाच्या प्लगची अर्थ पिन व त्याची धातूची पेटी यांमधील रोध दर जूनमध्ये मल्टीमीटरने मोजून तीत लिहिला जातो. तो एक ओहमहून अधिक आल्यास उपकरण दुरुस्तीला जाते. एक्स्टेन्शन बोर्डांत फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली नाही ना, हेही पाहिले जाते, कारण तशी अदलाबदल असेल तर खटका न्यूट्रल तोडतो आणि बंद दिसणाऱ्या उपकरणात फेज जिवंत राहते. पहिल्याच तपासणीत कापलेल्या अर्थ पिनांचे आणखी प्लग सापडले. ते दुरुस्त करता येण्याजोगे होते, तरी त्यांच्या वायरी मुळापासून छाटून टाकल्या, म्हणजे गर्दीच्या वेळी कोणी ते पुन्हा जोडणार नाही. तो गिटार-ॲम्प्लिफायर मात्र आम्ही निकालात काढला नाही. ट्रान्सफॉर्मर बदलून, तीन पिनांचा नवा प्लग लावून तो आता पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत आहे. दरवर्षी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना भूसंपर्कनाचा पाठ त्याचे झाकण उघडून शिकविला जातो, आणि जुना, पिन कापलेला प्लग त्याच्याच शेजारी काचेच्या बरणीत ठेवलेला असतो.